मांडवगणच्या गारा आणि एकसष्टचा आकडा

गारा पडून चार दिवस झाले होते आणि मला मुळीच निघायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, मार्च संपता संपता उन्हानं काहिली मांडली होती, आणि हडपसरच्या थांब्यावर यवतची बस येईपर्यंत माझी पाण्याची बाटली अर्धी झाली होती. पण हा उपद्व्याप मीच करून ठेवलेला, तेव्हा निस्तरायला दुसरं कोण जाणार?

आधी आमचा गट सांगते. पावसाची नोंद ठेवणारे आम्ही काही हौशी लोक आहोत. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात जमलेलं पाणी मोजायचं आणि फोनवर गटात आकडा टाकायचा. कोरड्या दिवशीसुद्धा शून्य टाकायचं. काहीच न पाठवणं म्हणजे शून्य नव्हे, हे मी सगळ्यांना ओरडून ओरडून शिकवलं आहे. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली बाई. आकडे गोळा करून नकाशा रंगवणं माझ्याकडे, आणि ओरडणंही माझ्याकडे.

तर शिरूर-दौंडच्या पट्ट्यात संध्याकाळी अवकाळी गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी आकडे आले. यवत सतरा मिलिमीटर, केडगाव एकोणीस, आणि भीमेपलीकडच्या मांडवगण फराट्याहून एकसष्ट! न पटणाऱ्या आकड्याखाली लाल प्रश्नचिन्ह टाकायची आमच्या गटाची रीत आहे. मी चहा पिता पिता ते टाकलं आणि कपबशी विसळायला गेले.

मांडवगणचे किसन आबा ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. चौदा वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. प्रश्नचिन्हानंतर मात्र त्यांचा आकडाच आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. शेवटी मी फोन केला. ते म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र घिऊन जावा," आणि फोन ठेवून दिला. म्हणून हा प्रवास.

यवतला उतरले तेव्हा हायवेवरच्या ढाब्यांतून कांदा परतल्याचा वास येत होता. आमचा यवतचा निरीक्षक सोपान मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याचं पर्जन्यमापक दुकानाच्या पत्र्यामागच्या गच्चीवर आहे. लोखंडी जिना चढताना माझे गुडघे बोलायला लागले.

"गारा कशा मोजल्यास रे?" मी विचारलं.

"मोजायच्या काय, मॅडम? सकाळपर्यंत आपसूक पाणी झालं त्यांचं. तेच मोजलं."

"मी दिलेला सूचनांचा कागद वाचला होतास?"

सोपान जरा ओशाळला. "हाय कुठंतरी. मोटरखाली घातलाय वाटतं, तेल गळत होतं म्हनून."

 त्यानं चहा मागवला. गारा पडताना वरच्या फनेलमध्ये बर्फाचा बोळा अडकला आणि पाणी बाहेर ओघळून गेलं, हेही त्यानं मोकळेपणानं सांगितलं. म्हणजे सतरा हा आकडाही लंगडाच होता. त्याच्याखाली मी प्रश्नचिन्ह टाकलं नव्हतं, कारण तो शेजारच्या आकड्याशी जुळत होता.

यवतहून चौफुल्यापर्यंत वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) मिळालं. ते भरायला पाऊण तास लागला. पुढच्या सीटवरचे एक मामा फोनवर कोणाला तरी बेदाण्याएवढी गार लिंबाएवढी करून सांगत होते. रस्त्याकडेच्या उसाची पानं चिरफाळून पांढरी पडली होती. गहू एका अंगाला निजला होता. कडुनिंबाचा पाला अजून डांबराला चिकटलेला होता.

चौफुल्याजवळच्या केडगावच्या शैलाताई निवृत्त नर्स. त्यांच्याकडे जायचं खरं कारण म्हणजे त्यांनी सर्वांत मोठी गार माझ्यासाठी फ्रीजरमध्ये स्टीलच्या डब्यात जपली होती. ती कापून आतले थर बघायचे, एवढाच काय तो मला या प्रवासाचा उत्साह होता. शैलाताईंनी दारातच कपाळाला हात लावला.

"अगं, काल दिवसभर लाइट नव्हती. डब्यात पाणी झालं. सुनेला काय माहीत, तिनं मोगऱ्याला घातलं!"

मोगऱ्याकडे बघून मला हसू आलं आणि मग कंटाळाच आला. त्यांनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि गारांनी पाडलेल्या कैऱ्यांचा तक्कू (किसलेल्या कैरीचं तोंडीलावणं). असा तक्कू मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. जेवताना मी त्यांनाही विचारलं. त्यांनीही गारा आपोआप वितळू दिल्या होत्या. त्यांचंही फनेल तुंबलं होतं.

"आणि माझा कागद?"

"तुझं अक्षर मला लागत नाही बाई," त्या म्हणाल्या आणि पिठलं वाढलं.

पारगावच्या पुलावर भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. नदीत पाणी होतं, काठाला जलपर्णी होती आणि ऊन डोळ्यांत घुसत होतं. मांडवगणला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वस्तीपर्यंत एक पाय घासत चालले. वाटेत बुद्धविहारासमोर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी घर दाखवलं. "आबांकडं व्हय? गारंच्या मापावाले?" असं विचारून त्या जरा हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

किसन आबा ओट्यावरच बसले होते. "जय भीम, बाई. या." त्यांच्या शेजारी खताच्या गोणीत पर्जन्यमापक ठेवलेलं होतं. पुसून स्वच्छ केलेलं, गोणीचं तोंड सुतळीनं बांधलेलं. अंगणात जिथं ते बसवलेलं असायचं तिथं मातीत गोल खळगा राहिला होता.

"हे काय, आबा?"

"न्यायला आलाय न्हवं? तयार ठिवलंय."

काकूंनी पाणी दिलं, माझी चप्पल पाहिली आणि स्वतःची जोडी पुढं सारली. आबांनी गोणीची सुतळी घट्ट केली. मग म्हणाले, "चौदा वरसं पारावर कुनी पन इचारायचं, आबा, किती झाला? मी सांगायचो, आन् मानसं त्यावर इस्वास ठिवायची. परवा शेजारच्या तानाजीनं माझ्या फोनवरचं तुमचं लाल चिन्ह पारावर समद्यांना दावलं. म्हनला, आबाचं माप खोटं निघालं. आता कुनी इचारत न्हाई. मंग यंत्र ठिऊन काय करू?"

मी वही मागितली. आबांनी ती आधीच गोणीत घातली होती, म्हणून सुतळी सोडावी लागली. गारांच्या दिवसाच्या ओळीत ६१ लिहिलं होतं आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: 'गारा. फनेल तुंबले. गरम पाणी पूर्ण दोन माप घातले, कागदाप्रमाणे.'

"गारा पडत असताना घातलंत?"

"मंग काय! फनेलात बोळा बसला, वरून पानी सांडाया लागलं. मोजल्याबिगर वाया चाललं की! म्हातारीनं च्याचं आधन ठिवलं हुतं, तेच मापात घिऊन पळालो. डोक्यावर घमेलं हुतं, हातावर बसल्या गारा." त्यांनी मनगट पुढं केलं. तिथं अजून निळं होतं.

आमची मापनळी वीस मिलिमीटरची. दोन माप म्हणजे चाळीस. एकसष्टातून चाळीस गेले की एकवीस. आणि हे एकवीस यवत-केडगावपेक्षा खरे, कारण इथलं पाणी फारसं ओघळून गेलं नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. "आबा, घातलेलं पाणी नंतर वजा करायचं असतं," मी हसत म्हटलं.

"कुठं लिवलंय?"

घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी माझा कागद लॅमिनेशन करून लावला होता. सोपानच्या मोटरखाली तेल पीत असलेला तोच कागद. मी काकूंच्या चपला दाराशी काढून आत गेले आणि चष्मा लावून वाचला. 'गारा अडकल्यास मापनळीने मोजून गरम पाणी घालावे व वितळवावे.' पुढची ओळ पावसाळ्यात गवत कापण्याबद्दल होती. वजा करा, असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. मला ते इतकं उघड वाटलं असणार की लिहायचं सुचलंच नाही. आणि कागदाच्या तळाशी मीच ठसठशीत लिहिलं होतं: 'फक्त आकडा पाठवावा. गप्पा नकोत.'

"मला वाटलं तुमी तिकडं वजा करत असाल," आबा मागून म्हणाले. "पेपर आमी लिवायचा, मार्क मास्तरनं काढायचं. तसं."

ज्यांनी माझा कागद वाचला नाही त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि ज्यानं भिंतीवर लावून पाळला त्याला मी गावात खोटं पाडलं. मला लाज वाटली. तशीच ओट्यावर बसले.

"चूक माझी आहे, आबा. माझ्या कागदात आहे."

"मंग तसं लिवा."

मी फोन काढून गटात लिहिलं, माझ्या नावानिशी. मांडवगणचा आकडा एकवीस, तो या पट्ट्यातला सर्वांत विश्वासाचा, आणि चूक माझ्या सूचनेतली. प्रश्नचिन्ह काढून टाकलं. आबांनी ते वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "फोनवर झालं. पार ऱ्हायला."

दिवसभराच्या प्रवासानं माझं अंग आंबलं होतं. तरी उठले. काकूंच्या मोठ्या चपला फटफट वाजवत आबांच्या मागून पारावर गेले. चौघं-पाचजण बसले होते, तानाजीही होता. मी मजकूर मोठ्यानं वाचला.  एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "म्हंजी आबा बराबर हुते?"

"आबांनी सांगितलं तसंच केलं. सांगणारी चुकली."

तानाजीनं फोनवरून मान वर केली नाही. पण सरकून आबांना जागा दिली.

निघताना गोणी ओट्यावर तशीच होती. मी ती उचलली नाही, आबांनीही उचला म्हटलं नाही, आणि बसवा म्हणायचा धीर मला झाला नाही. काकूंनी चपला परत घेतल्या नाहीत. "पुन्यापतुर अनवानी जाता का?" म्हणाल्या. संध्याकाळच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी तुटक झोपले. घरी आले, चपला दारात नीट लावल्या आणि न जेवताच पडले.

सकाळी आठपासून फोन समोर घेऊन बसले होते. यवतचं शून्य आलं. केडगावचं आलं. साडेआठ होऊन गेले. मी नवा कागद लिहायला घेतला आणि 'घातलेले पाणी वजा करावे' ही ओळ पहिलीच लिहिली. लोकांच्या आकड्यांवर मी इतकी वर्षं बोट ठेवत आले, पण स्वतःचं लिहिलेलं पुन्हा एकदाही वाचून पाहिलं नव्हतं. ते कळायला तुटकी चप्पल आणि भर उन्हातला एक दिवस खर्ची पडला.

आठ बेचाळीसला मांडवगण आलं. नियम मोडून, गप्पांसकट.

'शून्य. काल सांजच्याला पाणसळ लावून, सपाटी बघून यंत्र बसवलं. मागचं तीन दिवस मोजलं न्हाई, तिथं शून्य लिवू नका.'

मी नकाशाच्या तक्त्यात मांडवगणपुढं तीन रिकाम्या रेघा ओढल्या आणि चौथ्या घरात शून्य लिहिलं.