बदलीवाल्याचा फोटो

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात बंद पडलेल्या गिरणीच्या आठवणींचं प्रदर्शन भरणार असं कळलं, तेव्हा मी वडिलांचा फोटो घेऊन गेलो. कुणी मागितला नव्हता. प्रदर्शन मांडणारे काका गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटानं कान गेलेले, त्यामुळं बोलतात ते ओरडूनच.

"तुझा बाप बदली होता रं! हितं कामगारांचे फोटो लावायचे हायत."

बदली म्हणजे जो कायम नाही तो. भोंगा झाला की वडील डबा घेऊन फाटकाशी उभे राहायचे. कुणी गैरहजर असला तर त्याच्या मागावर आत, नाहीतर परत. पण गल्लीला कळू नये म्हणून परत पाठवलेल्या दिवशीही ते पाळी सुटेपर्यंत कुठंतरी बसून राहायचे आणि सगळ्यांबरोबर घरी यायचे. आई काही विचारत नसे. केसांत कापूस दिसला की समजायची, आज काम मिळालं.

गिरणी बंद पडली, कायमवाल्यांनी मोर्चे काढले. वडिलांना मोर्चात कुठं उभं राहायचं तेच कळेना. ज्याची नोकरीच नव्हती, त्याची गेली असं तरी कसं म्हणायचं? पुढं ते यंत्रमागावर टॉवेल विणायला गेले, तिथंही रोजंदारीवर. मी शाळा सोडून हातगाडीवर चादरी विकल्या. आज टेंभुर्णीपासून मंद्रूपपर्यंतचे दुकानदार माझ्या दुकानातून माल नेतात, आणि भावात मी कुणाला सोडत नाही.

काकांचं ते बोलणं ऐकून मी टेबलावर हात आपटला. पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. मग आवाज जरा खाली घेतला.

"काका, पोरीच्या लग्नाला रजा घेतली होती, तेव्हा तुमचे माग बंद होते?"

"बंद कसं ठिवतील? खुळा हायस का?"

"मग चालवत कोण होतं?"

काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी ओरडून पुन्हा विचारलं.

"तुझाच बाप. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू?"

"मग लावा फोटो."

"लावतो की. त्या कोपऱ्यात."

"कोपऱ्यात नाही. तुमच्या फोटोच्या शेजारी. आणि खाली लिहायचं, 'यांच्या जागी काम केलं.'"

"लई चिवट हायस बाबा! चादरी अशाच खपवतोस व्हय?"

हसत त्यांनी पुठ्ठा पुढं ओढला, पेन उघडलं आणि थांबले.

"नाव काय रं त्याचं?"

मी बघतच राहिलो.

"बगतोस काय? आमी बदलीच म्हणायचो की त्याला. सगळेच."

मी नाव सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं, आणि ते लिहून होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो.

सौदा मनासारखा झाला होता. तरी त्या दिवशी दुकानात आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकावर मी उगाच खेकसलो.