पहाऱ्यावरून उतरलेले नंदकुमार

दक्षता हा सद्गुण खरा. परंतु तिला विश्रांतीही ठाऊक असावी लागते. अहोरात्र डोळे वटारून बसलेली दक्षता कालांतराने शत्रू शोधू लागते, आणि तो न सापडल्यास घरातल्याच कोणाला तरी तो मान बहाल करते.

मुलुंडचे नंदकुमार पाठारे विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे सुरक्षा अधिकारी होते. साक्षात मालक आले तरी ओळखपत्र पाहिल्यावाचून फाटक उघडायचे नाही, हे त्यांचे व्रत. निवृत्तीनंतर व्रत उरले, फाटक उरले नाही. त्याच सुमारास पत्नी शुभाताईंना अल्झायमर असल्याचे निदान झाले, आणि नंदकुमार विस्मृतीच्या वाटेवर दंड ठोकून उभे राहिले. रोज सकाळी सातला, चहापूर्वी, उलटतपासणी सुरू.

"शुभा, आज वार कोणता?"

"पेपर तुमच्या हातात आहे, तुम्हीच बघा ना."

"मी कोण?"

"सकाळी सकाळी डोकं खाणारे गृहस्थ."

उत्तर तत्त्वतः निर्दोष होते. नंदकुमारांनी ते चूक धरले.

सोसायटीतील मंडळीही या यज्ञात समिधा टाकीत. आपल्याकडे आजारी वृद्धाला भेटणे म्हणजे त्याची तोंडी परीक्षा घेणे. तळमजल्यावरची अक्षता शहाळे आणी, ते पाठीमागे धरी आणि विचारी, "काकू, ओळखलंत का? सांगा बघू, मी कोण?" शुभाताई प्रथम कसनुसे हसत. पुढे हसणेही आटले. दारावरची घंटा वाजली की त्या न्हाणीघरात शिरून कडी लावू लागल्या. एकदा तर तब्बल दीड तास.

पवईहून कन्या गंधाली आली. "बाबा, महिनाभर बघते. आई अशीच घाबरत राहिली, तर मी तिला माझ्याकडे नेणार. मग बसा इथे एकटेच पहारा देत."

शुभाताईंवाचून त्या घरात राहण्याची कल्पना नंदकुमारांच्या मनाला संसाराच्या बेचाळीस वर्षांत एकदाही शिवली नव्हती. ते तडक शुभाताईंवर उपचार करणाऱ्या डॉक्टर रेवतींकडे गेले.

"मेंदूतही तुमच्यासारखे पहारेकरी असतात, काका," रेवती म्हणाल्या. "प्रतिकार करणाऱ्या पेशी. त्या कचरा उचलतात, धोका दिसला की रासायनिक इशारे देऊन बाकीच्यांना जागं करतात. या आजारात चिकट प्रथिनांचा कचरा साचत जातो, त्यांना आवरत नाही. इशारे थांबत नाहीत, दाह धुमसत राहतो. मग हेच पहारेकरी धडधाकट पेशींमधले दुवेही तोडू लागतात."

नंदकुमारांना हा आपल्या पेशावरचा आरोप वाटला. "डॉक्टर, पहारेकऱ्याला दोष देणं सोपं असतं. त्यांची पाळी बदलायला कोणी येतं का?"

"तेच तर! त्यांना शांत कसं करायचं, यावर संशोधन चालू आहे. आजाराची ही एक बाजू झाली. सगळं कोडं अजून कोणालाच सुटलेलं नाही."

"तोवर मी काय करू?"

"काकूंना ओळख कोण कोण विचारतं?"

"येणारे-जाणारे. आणि मी. रोज, सातला."

"त्यानं आजार झालेला नाही, काका. पण त्या घाबरतात ते त्यामुळेच. आतल्या पहारेकऱ्यांची ड्यूटी मला बदलता येत नाही. तुमची येते."

चौतीस वर्षांत प्रथमच कोणीतरी नंदकुमारांना फाटकावरून हटवीत होते. दुसऱ्या दिवशी सातला ते चहाचा कप घेऊन सावधान स्थितीत पत्नीसमोर उभे राहिले.

"मी नंदकुमार. तुझा नवरा. आज गुरुवार. चहात आलं घातलंय."

शुभाताईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "बरं झालं सांगितलंत. बसा."

दुपारपर्यंत दारावर सूचना लागली : 'अभ्यागतांनी स्वतःचे नाव व येण्याचे कारण प्रथम सांगावे. यजमानीणबाईंस ओळख विचारू नये. हुकुमावरून.' अक्षता शहाळे उंच धरून उंबऱ्यातूनच गर्जली, "मी अक्षता! तळमजला! शहाळं!" शुभाताई खळखळून हसल्या. न्हाणीघराची कडी हळूहळू विसावली.

महिन्याने गंधाली आली. "मी गंधाली. तुझी मुलगी," म्हणताना तिला रडू फुटले.

"मग रडतेस कशाला?" शुभाताई म्हणाल्या. "ये की आत."

गंधाली एकटीच पवईला परतली.

तीन वर्षांनी नंदकुमार हृदयविकाराने गेले. शुभाताई त्याच घरात आहेत. गंधाली आता त्यांच्याजवळ राहते. घरात येणारा प्रत्येक जण आधी आपले नाव सांगतो.