औषधात न धरलेली कॅप्सूल

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट पक्की बसली आहे: सिंगापूरच्या डॉक्टरांना माझ्या बायकोचा आजार दीड-दोन वर्षं कळलाच नाही. पुण्याला गेलो की कुणीतरी हटकून म्हणतं, "एवढी मोठी हॉस्पिटलं, आणि काय उपयोग?" ही गोष्ट पसरवली मीच, आणि ती खरी नाही. माझं वय झालं आहे. ती तशीच मागे ठेवून जाणं मला बरं वाटत नाही.

सुरुवात चेहऱ्यापासून झाली. हिचं हसू आधी डोळ्यांत यायचं. ते कधी थांबलं हे मला सांगता येणार नाही, एवढंच लक्षात आलं, की "रागावली आहेस का?" असं मी तिला सारखं विचारतो आहे. ती "नाही हो" म्हणायची, पण तेही सपाट आवाजात. इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनींना आमचं काही लागलं का, बघून हसतसुद्धा नाहीत.

मग पावलं लहान झाली. आमच्या तोआ पायोह भागातल्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनात सरकत्या जिन्यापाशी ती थबकायची, मागे माणसं अडायची, आणि मी तिला दंडाला धरून ओढायचो. वाती वळताना हलावीत तशी दोन्ही हातांची बोटं उगाच हलत राहायची. चार पोळ्यांना सकाळ पुरेनाशी झाली. त्याच सुमारास आमची मुलगी लग्न होऊन सिंगापुरातच यिशुनला राहायला गेली होती, म्हणून कारणही मी ठरवून टाकलं: घर रिकामं झालं, हिने मनाला लावून घेतलं. "जरा मनावर घे, सगळं होईल," असं मी म्हणायचो. ते समजावणं नव्हतं, टोमणाच होता. मुलीने हट्ट धरला नसता, तर मी डॉक्टरांकडे गेलोही नसतो.

मेंदूविकाराच्या डॉक्टर एक शांत, तरुण बाई होत्या. त्यांनी हिला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगटं हलवून पाहिली. एमआरआय स्वच्छ निघाला, रक्तही ठीक होतं. पार्किन्सनसारखं दिसतंय, पण पूर्ण जुळत नाही, असं त्या म्हणाल्या. दोन्ही बाजूंना एकदमच कसं सुरू झालं, याचं त्यांना कोडं होतं. त्यांनी पार्किन्सनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. फरक पडला नाही, उलट मळमळ वाढली. आणि मळमळ वाढली म्हणून मी पुण्याची कॅप्सूल एकही सकाळ न चुकवता द्यायला लागलो.

त्या कॅप्सूलबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी पुण्यात असताना हिला ऍसिडिटीचा फार त्रास झाला. तिथल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घ्यायला सांगितली, पंधरा दिवसांसाठी. बरं वाटलं. मग मीच म्हटलं, बरं वाटतंय तर चालू ठेव. तेव्हापासून पुण्याहून कुणी येणार असलं आणि "काय आणू?" असा फोन आला, की आमचं उत्तर ठरलेलं असे: गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि हिच्या कॅप्सूल. त्या स्ट्रिपा भाजणीच्याच पिशवीतून यायच्या, आणि घरात त्यांना दर्जाही भाजणीचाच होता. औषध म्हणजे रक्तदाबाची गोळी. ही आपली पोटासाठी.

डॉक्टर दर भेटीत विचारायच्या, दुसरं काही औषध चालू आहे का. विचारायच्या हिच्याकडे बघून. उत्तर मी द्यायचो. या देशात आल्यापासून बँक, शाळा, फ्लॅटचे कागद, सगळीकडे मीच बोलत आलो. हिला इंग्रजी नीट कळतं, पण बोलायला ती बिचकते. त्यात आजाराने आवाज खाली गेलेला, शब्द यायला वेळ लागायचा. ती तोंड उघडेपर्यंत माझं वाक्य संपलेलं असायचं. मला वाटायचं, मी मदतच करतो आहे.

एका भेटीत मी नेहमीसारखं रक्तदाबाच्या गोळीचं सांगितलं आणि "बाकी काही नाही" म्हणालो. ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, ती सकाळची कॅप्सूल?"

"अगं, ती ऍसिडिटीची. तिचं काय?"

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत त्या? मी म्हणालो, काही नाही, पोट बिघडतं कधीकधी.

मुलीला मी पुढे सांगितलं, की तेव्हा मला सुचलंच नाही. ते खोटं आहे. सुचलं होतं. इथे चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही, आणि आपण वर्षानुवर्षं पिशवीतून आणून खातो, हे त्या बाईंसमोर कबूल करायची मला लाज वाटली. शिकलेला माणूस, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. तेवढ्या लाजेसाठी मी हिचं वाक्य गिळलं.

त्यानंतरचे कितीतरी महिने ती कॅप्सूल मीच पाण्याच्या पेल्याबरोबर तिच्या हातात दिली. पेला दोन्ही हातांनी धरावा लागायचा तिला.

मग एकदा भेटीच्या दिवशी मला ताप आला आणि मुलगी आईबरोबर गेली. मुलगी इथेच वाढली, तिचं मराठी घरापुरतं. काय गाळायचं आणि काय सांगायचं, हे ठरवण्याइतकं ते चांगलं नाही. आई थांबत थांबत जे बोलली, ते तिने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं: सकाळी एक कॅप्सूल, पोटासाठी, इंडियाहून येते.

थोड्या वेळाने तिचा फोन आला, स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. फोटो स्पष्ट यावा म्हणून मी स्ट्रिप खिडकीशी नेली, चष्मा लावला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यावरचं वाचलं. औषधाची नावं दोन होती.

दुसरं नाव ज्याचं होतं, ते औषध पोटाची हालचाल सुधारतं, आणि फार दिवस घेतलं तर काही जणांत हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं आणतं. डॉक्टरांनी ते त्याच दिवशी बंद करायला लावलं. सुधारणा व्हायला महिने लागतील, आणि सगळंच परत येईल असं सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. संध्याकाळी मुलगी मला तिच्या सिंगापुरी इंग्रजीत एवढंच म्हणाली, "बाबा, दे आस्क एव्हरी टाइम लाह." त्यावर मी ते 'सुचलंच नाही'चं उत्तर दिलं.

पावलं आधी सुटली. मग आवाज थोडा वर आला. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी हॉकर सेंटरमध्ये कॉफी फार गोड निघाली, आणि हिने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. तो वाकडा चेहरा मी बघतच राहिलो. बोटं मात्र अजून हलतात. आजार मुळात थोडा होता की सगळं त्या औषधानेच केलं, हे डॉक्टर नक्की सांगू शकत नाहीत. आता भेटीला मी बरोबर जातो, पण खुर्ची मागे ओढून बसतो. ती बोलायला वेळ घेते. डॉक्टर थांबतात. मला थांबणं जड जातं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. पाहुण्यांसमोर मी डॉक्टरांना दोष द्यायचो, तेव्हा तिने मला कधी खोडलं नव्हतं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "एकदाच सांगितलं होतं असं लिहिलंय तुम्ही."

"मग?"

"त्याच्या पुढच्या वेळीही सांगितलं होतं. तुम्ही डॉक्टरांना पार्किंगचं विचारत होतात."

मला ते आठवत नाही. पण तिला आठवतं, म्हणून इथे लिहितो: तिने दोनदा सांगितलं होतं.