कणसं मांडीवरच राहिली

आमच्या नव्या चर्चमध्ये एकही खांब नाही. छप्पर हातपंख्यासारखं पसरलेलं, तळघरात पार्किंग. आमच्या बाळकुम गावची शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, कौलारू चॅपेलात माणसं मावेनात, म्हणून हे बांधलं. कमिटीत गावठाणातला मी एकटा, बाकीचे सगळे टॉवरांतले.

पावसाळ्याआधीच्या बैठकीत, रविवारच्या प्रार्थनांच्या वेळा ठरवताना फादरांनी विचारलं, "सकाळची मराठी मिस्सा ठेवायची का? माणसं कमी येतात." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बंद केली तरी चालेल, फादर. आमच्या लोकांना इंग्लिश येतं."

माझ्या आयला येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या एसी खोलीत गावठाणवाला ठरायची लाज वाटली. खरं सांगायचं तर आयचीच वाटली. तिच्या लुगड्याची, मोठ्यानं गाण्याची.

मराठी मिस्सा बंद झाली. तेव्हापासून इंग्लिश मिस्सेत ती इतरांकडे बघून उठते, बसते. परतताना रिक्षात ठरलेलं, "तू कमिटीत हाय ना? फादरला सांग, आमची मिस्सा परत दे."

"बघतो गं आय."

या रविवारी आगेरा होता, नव्या भाताचा सण. आता शेत नाही, म्हणून आयनं भाजीवालीकरवी खडवलीहून भाताची कणसं मागवलेली. जुन्या चॅपेलात फादर "नवं घेऊन या" म्हणाले की बाया वेदीकडे निघत. इथे ती हाक इंग्लिशमध्ये आली. लोक फळांच्या परड्या घेऊन पुढे आले. मी कमिटीच्या बाकावरून वळून पाहिलं, तर आय कणसांची जुडी मांडीवर धरून बसलेली, इकडेतिकडे बघत. उठून तिला हात करायला हवा होता. मी पुढे तोंड केलं.

मिस्सा सुटल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसली. "हाक कवा मारली? मना काय कलला नाय."

शेजारीण हसली, "मावशी, पोरगा कमिटीत आणि तुम्ही मागे? हात धरून न्यायचं ना त्यानं!"

"तो कामात व्हता," आय म्हणाली.

शेजारीण गेली. मग मला राहवेना. "आय, आपली मिस्सा मीच बंद करायला सांगितली."

ती कणसांवरून हात फिरवत राहिली. चार दाणे लुगड्यावर सांडले, ते तिनं वेचले.

"मंग चालू कराया पन तूच सांग. जा. मी हतं बसते."

फादर दारात लोकांशी हात मिळवत होते, शेजारी कमिटीचे दोघे. मी रांगेत उभा राहिलो. मागच्या एका कुटुंबाला पुढे जाऊ दिलं. मग आणखी एकाला. वळून पाहिलं, आय माझ्याकडेच बघत होती.