तीन फुटांचं जोतं

जन्मभर दुसऱ्यांच्या पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याला बायकोच्या चाकाच्या खुर्चीसाठी दारात उतार बांधायचा होता. त्यानं दोरी ताणली. वर ती तीन फुटांच्या जोत्यावर टेकली, खाली दारापासून सहा फुटांवर; पुढे रस्ता, बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. दोन टोकं ठरली की उतार ठरलाच, दोन फुटांत एक फूट. खुर्चीला बारा फुटांत एक हवा, म्हणजे छत्तीस फूट जागा.

"अहो, दोरीला जरा समजावा की!" बायको आतून म्हणाली.

"ऐकत नाही गं. तिनाला सहानंच भागते."

पाणी शिरू नये म्हणून जोतं त्यानंच हौसेनं उंच घेतलं होतं. पाणी कधीच आत आलं नाही. आता ही बाहेर पडणार नव्हती. त्यानं दोरी गुंडाळली.