पुण्याचं पत्र
ऑफिसातून परतताना धामणकर नाक्यावर कापडाच्या लूमच्या तेलाचा वास आला आणि बाबा आठवले.

मी कॉलेजला जायच्या वर्षी एकदा लूमवरची शिफ्ट संपवून ते अंगावरच्या कापसासकट जेवायला बसले होते. मी त्यांच्यापुढे कॉम्प्युटर सायन्सच्या प्रवेशाची दोन पत्रं ठेवली, एक पुण्याचं, एक मुंबईचं. लूमच्या खडखडाटामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडून विचारलं, "कुठं जाऊ?"

"पुण्याला जा. माझी काळजी न्हाय करायची."

मी घरूनच रोज ये-जा करता येईल असं मुंबई घेतलं. "तुमच्यासाठीच थांबले," असं त्यांना पुढं कितीदा तरी ऐकवलं. ते नुसती मान हलवायचे.

आता बाबा नाहीत, आणि खोटं रेटायचं त्राणही माझ्यात उरलेलं नाही. मला घर सोडायची भीती वाटली होती. बाबांना ते तेव्हाच कळलं असणार.