पहिल्या हजार नोंदी

आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. बायका आणखी तिघी होत्या, पण बाई एकच. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि कुणी न सांगता जुन्या पुस्तकांवरून प्रोग्रॅमिंग शिकल्या. सहाशे विहिरींचे नमुने आमच्याकडे यायचे. मी तपासून आकडा सांगायचा आणि बाईंनी तो स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चढवायचा, असं एकोणीस वर्षं चाललं.

तो प्रोग्रॅम नोंदींच्या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरवर होता. दिसायला ओबडधोबड. पण विहिरीचा नंबर टाकला की पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी धडाधड उतरायच्या. पाणी वाईट असेल तर ओळ लाल. लाल ओळ दिसली की बाई सूचना छापायच्या आणि शिपायाला हातात गोंदाची बाटली देऊन पिटाळायच्या. दुपारच्या आत कागद विहिरीवर.

मग नवे साहेब आले. ‘‘बाई, एवढ्या नोंदी एका खोलीत कोंडून काय उपयोग? लोकांना मोबाईलवर दिसायला हव्यात,’’ ते म्हणाले. म्हणणं चुकीचं नव्हतं. एका कंपनीला काम दिलं. कंपनीच्या इंजिनिअरने वेब फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा वापरून नवा सर्व्हर, म्हणजे नोंदी सांभाळणारा मध्यवर्ती कॉम्प्युटर, उभा केला, सगळ्या नोंदी तिकडे हलवल्या आणि बाईंना सांगितलं, ‘‘मॅडम, यापुढे तुमच्या प्रोग्रॅमने डेटाला थेट हात लावायचा नाही. सर्व्हरकडे मागायचं, तो देईल.’’

पहिल्या दिवशी प्रोग्रॅमने मागितलं आणि सर्व्हर मुका झाला. दोन लाख नोंदी एका दमात कोण देणार? बाईंच्या कॉम्प्युटरचा पडदा पांढराफटक पडला. साहेब मागेच उभे होते. ‘‘हे खटारं आता मोडीत काढा,’’ असं चारचौघांत बोलून निघून गेले.

बाई तीन आठवडे त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. शेवटी इंजिनिअर आणि त्यांच्यात ठरलं ते असं: सर्व्हरने एका वेळी हजारच नोंदी द्यायच्या, जुन्यापासून नव्याकडे, आणि खाली ‘अजून आहेत’ अशी खूण करायची. प्रोग्रॅमने खूण बघून पुढच्या हजार मागायच्या, त्याही पडदा न अडकवता, मागच्या मागे. ते जमलं. दोन लाख नोंदी पुन्हा सरसर उतरताना बघून बाई माझ्याकडे वळल्या आणि चक्क टाळी द्यायला हात पुढे केला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

लोकांसाठीचा नकाशा इंजिनिअरने वेगळा केला होता. विहिरीच्या जागी ठिपका. पाणी चांगलं तर हिरवा, वाईट तर लाल. तारीख नाही, आकडा नाही. उद्घाटनाच्या आधी बाई मोबाईल शेजारी ठेवून एकेक विहीर ताडून बघत बसल्या. अकरा विहिरी त्यांच्या पडद्यावर लाल होत्या आणि नकाशावर हिरव्या.

त्यांनी इंजिनिअरला बोलावलं. ‘‘तुमचा नकाशा दर विहिरीच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात जुन्या, हजार नोंदी घेतो आणि थांबतो. ‘अजून आहेत’ ही खूण बघतच नाही.’’

‘‘मॅडम, मोबाईलवर जड होतं. आणि बहुतेक विहिरींच्या हजार नोंदी नाहीतच.’’

‘‘ज्यांच्यावर संशय असतो त्यांच्याच होतात ना! त्या आम्ही आठवड्यातून दोनदा तपासतो. तुमचा ठिपका नऊ-दहा वर्षांपूर्वीचं पाणी दाखवतोय.’’

तो म्हणाला, पुढच्या टप्प्यात बघू. बाईंनी अकरा विहिरींचे नंबर घालून साहेबांना पत्र लिहिलं, आवक खिडकीत देऊन पोच घेतली. साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, ‘उद्घाटनानंतर पाहणे’. उद्घाटन झालं, फोटो निघाले. नकाशा आला म्हणून विहिरींवर कागद लावणं दुसऱ्या दिवसापासून बंद करण्यात आलं.

‘‘मी माझं काम केलं,’’ बाई मला म्हणाल्या.

‘‘केलंत की,’’ मी म्हणालो. अकरातल्या तीन नमुन्यांवर माझीच सही होती. मीही आणखी काही केलं नाही.

त्याच आठवड्यात बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती गावाच्या कडेच्या वस्तीत राहायची, शाळेचे गणवेश शिवायची. आवाज एवढा मोठा की मला पलीकडच्या टेबलावर ऐकू येत होता. ‘‘ताई, तुझं काम माझ्या मोबाईलवर दिसतंय! सगळ्या गल्लीला दाखवलं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, थोरलीने नाव काढलं.’’ बाई लाजल्या. साहेब खोलीत शिरत होते, म्हणून ‘नंतर बोलते’ म्हणून फोन ठेवला. नंतर बोलणं राहून गेलं. बहिणीच्या वस्तीतली विहीर अकरांपैकी होती. गेली सात-आठ वर्षं तिच्यावर आमचा कागद असायचा म्हणून वस्तीतले लोक लांबून पाणी आणत. ठिपका हिरवा दिसला आणि त्यांनी घरामागच्या विहिरीत बादल्या सोडल्या.

दीड महिन्यात वस्तीत काविळीचे तेवीस रुग्ण झाले. दोन माणसं गेली. त्यातल्या एक बहिणीच्या सासूबाई.

बाई भेटायला गेल्या तेव्हा सोबत मी होतो. बहीण मशीनवरचे अर्धे शिवलेले गणवेश गोळा करत होती. तिने वर न बघता विचारलं, ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘मी पत्र लिहिलं होतं. पोच आहे माझ्याकडे.’’

‘‘कुणाला लिहिलंस?’’

‘‘साहेबांना.’’

‘‘मला एक फोन करायला काय झालं होतं ताई?’’

 बहिणीने कपडे कपाटात टाकले, आत गेली आणि बाहेर आलीच नाही.

चौकशी बसली. कंपनीने लिहून दिलं की नोंदी मुळात जुन्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधून आल्या आहेत. साहेब म्हणाले, रोज एवढी पत्रं येतात. बाईंनी पोच दाखवली. चौकशी अधिकाऱ्याने तिची झेरॉक्स घेतली आणि अहवालात लिहिलं, ‘दोन प्रणालींमध्ये समन्वयाचा अभाव’. अभावाला शिक्षा होत नसते. नकाशाची दुरुस्ती इंजिनिअरने अर्ध्या तासात केली. साहेबांना बढती मिळाली. बाईंचा प्रोग्रॅम खरोखरच मोडीत निघाला आणि त्यांना स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. तिथं त्या रजिस्टरं आणि पेनांचे डबे मोजून देतात.

सगळे म्हणतात, बाईंवर अन्याय झाला. मीही म्हणतो. बाई मात्र म्हणत नाहीत. मागे एकदा मी सहानुभूतीने काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, ‘‘पत्राला मला दोन तास लागले होते हो. मसुदा दोनदा बदलला. भाषा बरोबर हवी म्हणून.’’

बहीण त्यांचा फोन उचलते. ‘‘बोल,’’ म्हणते. बाई प्रकृती विचारतात, ती ‘‘ठीक’’ म्हणते, आणि फोन आधी दोघींपैकी कुणी ठेवत नाही.